डोकं काढून बसायची जागा

६ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पाकीट देताना पोस्टमन परवा मला म्हणाला, "बाई, हातानं पत्रं लिहिणाऱ्या तुम्ही दोघीच उरलात." मी म्हटलं, "फोनवर आम्ही नणंद-भावजय नुसत्या रडतो. कागदावर निदान बोलणं तरी होतं." बिचारा सायकलवर टांग मारून निघून गेला.

इकडची मोठी बातमी म्हणजे जुनं थिएटर पुन्हा उघडणार. तू ते पाहिलंयस. तळ्यातल्या होड्या आणि मोठा पाळणा यांच्या मधोमध, पुढे रुंद पायऱ्या. तिथली नाटकं बंद पडून वर्षं लोटली. पाळण्यात बसून किंचाळायची सोय असताना खुर्चीत बसून टाळ्या कोण वाजवणार? खुर्च्यांवर प्लास्टिक, प्लास्टिकवर धूळ, आणि दारावरच्या जाहिरातीतल्या नटीचा चेहरा उन्हानं निळा पडलाय. पार्कच्या ऐन मध्यावर एवढी इमारत रिकामी ठेवणं बरं दिसत नाही म्हणे. तिचं काय करावं ते सुचवा, असं आम्हा नोकरांनाही विचारलं. स्वयंपाकी म्हणाला जेवणघर करा, पहारेकरी म्हणाले गाड्या लावायला द्या. ज्यानं त्यानं आपलंच घोडं पुढे दामटलं.

ठरवणार शेवटी हसरे साहेब. हे करमणूक खात्याचे नवे प्रमुख, दादा गेल्यानंतर आलेले. खरं आडनाव वेगळंच आहे, पण रागावतानाही हसतात म्हणून हे आमच्याकडचं बारसं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, थिएटर मुलांच्या एका खेळासाठी वापरायचं आणि पोशाखांचं काम माझ्याकडे. म्हणजे धुलाईखान्यात गणवेशांची बटणं लावत बसलेय, त्यातून सुटेन. थिएटरमागची शिवणाची खोली, ते लांबलचक टेबल, सगळं परत मिळेल.

जेवणघरात दादाच्या फोटोची काच आज पुसली. वर त्याचा चेहरा, खाली ती ओळ: 'शेवटच्या श्वासापर्यंत पाहुण्यांचा आनंद जपणारा आमचा सहकारी.' दोन वर्षं होत आली त्याला जाऊन.

चिमणीला पापा. आणि मला 'वन्सं' म्हणणं सोड बाई, ऐंशी वर्षांची झाल्यासारखं वाटतं.

तुझी नणंद


१५ फेब्रुवारी

वन्सं,

म्हणणारच. हे गेले म्हणून नातं गेलं नाही.

चिमणी बरी आहे. चौथीच्या वर्गात निबंध होता, 'माझे बाबा'. घरी तिनं तो इतक्यांदा वाचला की मला पाठ झालाय. "माझे बाबा पार्कमध्ये अस्वल होते. अस्वलाचं डोकं आतून खूप गरम असतं. पण लहान मुलांसमोर ते काढलं तर मुलं घाबरतात. म्हणून चक्कर आली तरी माझ्या बाबांनी डोकं काढलं नाही. ते हॉस्पिटलात गेले आणि देवाघरी गेले. माझे बाबा शूर होते." बाईंनी डोळे पुसले म्हणे. शाळेच्या मासिकात छापणार आहेत. तुमच्या त्या फोटोखालच्या एका ओळीवर पोरीनं अख्खे बाबा उभे केलेत. कधी कधी मला वाटतं, माझ्यापेक्षा तिलाच ते जास्त भेटतात.

माझं चष्म्याच्या दुकानातलं काम चालू आहे. लोक फ्रेम लावून बघतात, मी आरसा धरते. भाऊ आणि भावजय नीट वागतात, तक्रार नाही.

एक विचारते. मुलांचा कसला खेळ? तुम्ही टाक्याटाक्याचं वर्णन करणाऱ्या, आणि खेळाचं नावसुद्धा लिहिलं नाहीत. वन्सं, तुमचं अक्षर सुबक आलं की मला धास्ती वाटते. खरं लिहिताना तुम्ही गिचमिड लिहिता.

वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

घे, गिचमिड लिहिते.

भुतांचा खेळ आहे. 'भुताचं थिएटर'. अंधारातून चालत जायचं, पडदे आपोआप हलणार, खुर्च्यांच्या रांगेतून कोणीतरी उठून अंगावर येणार. आपल्याला घाबरायला निमित्त लागत नाही, लोक तिकीट काढून घाबरतात. तुला ऐकून बरं वाटणार नाही म्हणून लिहिलं नव्हतं. त्या इमारतीकडे बघायला मलाच नको होतं. पण पार्क आहे हा, रिकामी जागा दिसली की यांचे हात शिवशिवतात.

काळी फर आलीय गठ्ठ्यानं. पांढरे झगे शिवायचेत आणि एक मोठं जनावर. फर कापणं मोठं नाजूक काम असतं, बरं का. पाठीमागून नुसतं कापड कापायचं, केसांना कात्री लावायची नाही, नाहीतर शिवण उघडी दिसते. धुलाईखान्यातल्या मुलींना शिकवायचं म्हणते.

हसरे साहेब रोज येऊन बघतात. वाईट माणूस नाही. मुलांना काय आवडतं ते त्यांना खरंच कळतं.

बाकी विशेष काही नाही.

तुझी नणंद


११ मार्च

वन्सं,

'बाकी विशेष काही नाही' असं लिहिलं होतंत.

आज दुकानात एक बाई मुलाला घेऊन आली. मुलाच्या हातात तुमच्या पार्कचं पत्रक होतं. डोळे तपासायचे म्हणून मी ते काढून बाजूला ठेवलं तेव्हा नजर गेली. थिएटरचं चित्र. पायऱ्यांवर मान खाली घालून बसलेलं अस्वल. खाली छापलंय, 'एके दिवशी ते इथे बसलं. ते अजून उठलेलं नाही.'

मुलगा म्हणाला, "मावशी, हे खरं झालंय. तिथे खरंच कोणीतरी मेलंय." त्याची आई म्हणाली, "काही नाही हो, घाबरवायला लिहितात." मी त्याला चष्मा लावला, आरसा धरला. आरशाची पाठ त्याच्याकडे होती, हे त्यानंच मला सांगितलं.

चिमणी शाळेतून थेट दुकानात येते. तिनंही पत्रक वाचलं. "आई, हे बाबांचं अस्वल आहे का?" मी नाही म्हटलं. मी खरं बोलले की खोटं, ते मलाच ठाऊक नाही. पायऱ्या कुठून आल्या, वन्सं? पार्कमध्ये फिरताना चक्कर आली, बरोबरच्या माणसानं सावरलं, हॉस्पिटलात नेलं, असं मला सांगितलं होतंत. माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं होतंत.

आणि ते मोठं जनावर. शिवणाच्या खोलीसाठी सख्ख्या भावाचं भूत शिवायला बसलात? टेबल लांबलचक आहे, पसरून बसता येत असेल.

उत्तर गिचमिड अक्षरात यावं. नाहीतर येऊच नये.


१६ मार्च

वहिनी,

तू लिहिलंस ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. आता सगळं सांगते. मधे थांबले तर पुन्हा लिहू शकणार नाही, म्हणून एका बैठकीत.

नियम तुला माहीत आहे. पाहुण्यांसमोर डोकं काढायचं नाही आणि बोलायचंही नाही. आम्ही त्या पोशाखातल्या माणसांना प्राणीच म्हणतो. प्राण्यांना विसाव्याची खोली आहे, पण ती पार्कच्या टोकाला, फाटकापाशी. तिथवर चालत जायचं तर वाटेत प्रत्येक पोर मिठी मारणार, प्रत्येक आई फोटो मागणार. वाटेतच सुट्टी संपते. म्हणून थिएटर बंद झाल्यापासून सगळे प्राणी तिथे जायचे. मागचं दार नुसतं लोटलेलं असायचं. आत खिडकी नाही, थंडगार अंधार. डोकं काढून बसायचं, घाम पुसायचा, पाणी प्यायचं, पुन्हा डोकं घालून हसत बाहेर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड फरचं.

आता दुसरं. डोकं स्वतःचं स्वतःला काढता येत नाही. मुलांनी ओढलं तरी निघू नये म्हणून मानेमागे घट्ट टिचबटणं असतात आणि पंज्यांना बोटं नसतात. पूर्वी प्रत्येक प्राण्याबरोबर एक माणूस चालायचा, बटणं तो उघडायचा. मग ती माणसं कमी केली. तेव्हा सशानं युक्ती काढली. आपला म्हातारा ससा, दादाचा जिवलग, तुझ्या लग्नात पंगतीत वाढत होता तो. थिएटरच्या विंगेत नटांचे झगे टांगायच्या खुंट्या आहेत. डोक्यामागे फास असला तर तो खुंटीला अडकवायचा आणि गुडघ्यात वाकायचं. बटणं सुटतात, डोकं खुंटीवर राहतं, माणूस खाली निघतो. सगळ्यांनी माझ्याकडून फास शिवून घेतले. दादाचा फास मीच शिवला, दुहेरी दोऱ्यानं.

हे आम्ही कोणाला कळू दिलं नाही. ताकास तूर लागू दिली नाही. वरच्यांना कळलं तर जागा जाईल, ही भीती. आणि त्यामुळेच घात झाला. त्या दिवशी सकाळी हुकूम निघाला की वापरात नसलेल्या सगळ्या इमारतींना कुलपं घाला. ज्यानं कुलूप घातलं त्याला मी कधी दोष दिला नाही. आत माणसं विसावतात हे त्याला कोण सांगणार होतं?

दादा भर उन्हात मागच्या दारापाशी गेला असणार. तिथून वळसा घालून पुढच्या पायऱ्यांवर आला, पुढचं दार उघडं असेल या आशेनं. तेही बंद. मग तो पायऱ्यांवर बसला. अस्वल बसलेलं दिसल्यावर लोक येणारच. एक कुटुंब त्याच्या दोन्ही बाजूंना बसून फोटो काढत होतं. मग दुसरं. ससा तिकडे आला तो डोकं काढायलाच. त्याला लांबून वाटलं, दादा फोटोला बसलाय. त्यानं पंजा हलवला. दादानं हलवला नाही. दादा कधीच असं करायचा नाही. ससा धावला, पण त्याच्याही हातात पंजे! त्याला ती बटणं उघडेनात. तो ओरडायला लागला, "काढा, ह्याचं डोकं काढा." बोलणारा ससा बघून लोक हसले. वहिनी, लोक हसले. शेवटी एका बाईला कळलं, तिनं बटणं उघडली. हॉस्पिटलात नेलं हे खरं, पण तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोटो लागला आणि खाली ती ओळ. शेवटच्या श्वासापर्यंत पाहुण्यांचा आनंद जपणारा. आम्ही सगळ्यांनी ती ओळ वाचली आणि गप्प बसलो. तू तिच्यावर डोकं टेकून रडलीस. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते की तो आनंदबिनंद जपत नव्हता, डोकं काढायला जागा शोधत होता?

पुढे पहारेकऱ्यांच्या गप्पांत अस्वल पायऱ्यांवर दिसायला लागलं. त्या गप्पा हसऱ्या साहेबांच्या कानावर गेल्या. ती कोणाची गोष्ट आहे हे त्यांना माहीत नाही.

आणि हो, मी शिवायला बसले. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणी शिवलं असतं, असं मनाला समजावलं. खोलीचाही मोह होता, खोटं कशाला बोलू. माप दिलेलं नव्हतं, अंदाजानं कापत गेले. खांदे कापून झाले आणि पसरून बघते तर दादाचे खांदे. तेव्हा कात्री खाली ठेवली, ती परत उचललेली नाही.

परवा ससा म्हणाला, "आता तरी सांगून टाकू. तिथे भूत नको, बसायला जागा द्या म्हणू." सगळे प्राणी तयार आहेत. पण सांगायचं म्हणजे नियम मोडत होतो हे कबूल करायचं. कोणाकोणाची नोकरी जाईल देव जाणे. आणि फोटोखालची ओळ खोटी ठरेल, चिमणीचा निबंधही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तू हो म्हटल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.

तुझी नणंद


९ एप्रिल

वन्सं,

इतके दिवस लिहिलं नाही.

आधी तुमचा राग आला. मग सशाचा. मग फोटो काढणाऱ्यांचा. त्यांचा राग अजून गेला नाही. वन्सं, तो फोटो कोणाच्या तरी घरात असेल. भिंतीवर लावला असेल. दोन्हीकडे मुलं हसतायत आणि मधे हे. ते लोक वाईट नसतील. आमच्या दुकानात येतात तसेच असतील. पण दुकानात कोणी हसत आलं की आता मी आत निघून जाते.

मग यांचाच राग आला. इतकं होत होतं तर सोडायचं होतं ते काम. घरी आले की अंगणातल्या नळाखाली डोकं धरून उभे राहायचे. मी म्हणायची, "नोकरी बदला." म्हणायचे, "मुलं काय मिठी मारतात गं, तुला काय सांगू! जन्मात कोणी मला बघून इतकं खूश झालं नव्हतं." मी म्हटलं, "मी झाले होते." तर म्हणाले, "तू मिठी कुठे मारलीस, तू हिशेब विचारलास." असे होते ते. तुमच्या फोटोतले नव्हते आणि पत्रकातले तर नव्हतेच. त्यांना गरम व्हायचं. सोसत नव्हतं तेव्हा ते डोकं काढायचे, चारचौघांसारखे. हे वाचून मला रडू आलं, पण सुटल्यासारखंही झालं. दोन वर्षं मी त्या ओळीतल्या माणसाची बायको म्हणून वावरत होते आणि मनात सारखं यायचं, परक्यांच्या मुलांसाठी यांनी आमच्याकडे पाठ फिरवली. नव्हती फिरवली. ते घरी यायच्याच मार्गावर होते.

काल चिमणीला सांगितलं. सगळं नाही, पण खोटं काही नाही. बाबांना खूप गरम होत होतं, ते डोकं काढायला थिएटरपाशी गेले होते, तिथे नेहमी बसायचे, त्या दिवशी दाराला कुलूप होतं. मला वाटलं, निबंध खोटा पडला म्हणून रडेल. ती बोटाला दोरा गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मग कोणी दार उघडं का नाही ठेवलं?"

याचं उत्तर तुम्हाला येतंय का? साहेबांना येतं का बघा. मी हो म्हणते. सगळं सांगा. त्यांचं भूत नको आणि देवही नको.

वहिनी


२ मे

वहिनी,

सांगितलं.

आम्ही सगळे साध्या कपड्यांत साहेबांच्या खोलीत गेलो. ते आम्हाला बसा म्हणाले आणि विचारलं, "आपण कोण?" रोज ज्यांच्या पाठीवर थाप मारतात त्यांचे चेहरे त्यांनी कधी बघितलेच नव्हते. मग एकेकानं ओळख करून दिली. "मी हत्ती." "मी मांजर." "आम्ही दोघी बदकं." साहेब हसले. आम्हालाही जरा हसू आलं. मग ससा पुढे झाला आणि बोलायला लागला, आणि साहेबांचं हसू पहिल्यांदा मावळलेलं मी पाहिलं.

पत्रकातलं अस्वल म्हणजे माझा भाऊ, हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जेवणघरातले ते गृहस्थ?" रोज त्या फोटोखाली बसून ते जेवतात. तो चेहरा आणि पायऱ्यांवरचं अस्वल एकच, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना खुंट्या बघायच्या होत्या. मी घेऊन गेले. त्या खुंट्यांना अजून कोणाकोणाच्या फासांचे धागे चिकटलेले आहेत. साहेबांनी एका खुंटीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मी चिमणीचा प्रश्न विचारला. म्हणाले, "हा कोणाचा प्रश्न?" मी म्हटलं, "त्याच्या मुलीचा." बाहेर आल्यावर म्हणाले, "मला वर विचारावं लागेल."

वरून आधी आली ती ताकीद. सगळ्या प्राण्यांना, नियमभंगाबद्दल, लेखी. सशाला सगळ्यात कडक, कारण त्यानं 'इतरांना चिथावलं', आणि त्याचं तर निवृत्तीचं वय जवळ आलंय. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, दुसरं काय. पुढे काय होईल सांगता येत नाही. पत्रकं वाटणं मात्र थांबलंय. फर मी घडी घालून ठेवली.

तुझी नणंद


१४ मे

वन्सं,

ताकीद मिळाली म्हणून घाबरू नका. काही कमी-जास्त झालं तर बॅग भरून इकडे या. माझी खोली लहान आहे, पण आपल्या दोघींना पुरेल. चिमणी तुमच्या कुशीत झोपेल, तिला माझ्यापेक्षा तुमच्या गोष्टी आवडतात.

सुट्टी लागण्यापूर्वी मासिकासाठी निबंध द्यायचा होता. चिमणीनं शेवटची ओळ स्वतःच खोडली. बाईंनी विचारलं, "का गं, बाबा शूर नव्हते?" ती म्हणाली, "होते, पण ते त्यासाठी नाही." तिथे काय लिहायचं ते तिचं अजून ठरलं नाही. मी घाई करत नाही.

सशाला माझा नमस्कार सांगा. त्यांच्यावर माझा राग नाही, हे मुद्दाम सांगा. त्या दिवशी ओरडणारे ते एकटेच होते.

वहिनी


२१ जून

वहिनी,

भुताचं थिएटर रद्द झालं. म्हणजे भुतं गेली नाहीत, ती तळ्याकाठच्या होड्यांच्या गोदामात गेली. तिथे आता एक चेटकीण आहे, तिचा कोणाशी संबंध नाही. थिएटरचा पुढचा अर्धा भाग अजून बंदच आहे, त्याचं काय करायचं ते ठरत नाही. मागचा भाग, विंगा आणि रंगपट, प्राण्यांना विसाव्यासाठी दिलाय. कागदावर 'तात्पुरता' लिहिलंय. साहेबांनी बरीच डोकेफोड केली असावी, ते हल्ली कमी हसतात. फोटोखालची ओळ मी स्वतः काढली. आता नुसता दादा आहे. पोशाखातल्या प्रत्येकाबरोबर पुन्हा माणूस द्या ही मागणी मात्र मान्य झाली नाही, म्हणून मी माझं मशीन मागच्या दाराशीच मांडून घेतलंय. येईल त्याची बटणं मी उघडते.

पहिल्या दिवशी कोणी आलंच नाही. सगळे सवयीनं पाण्याच्या टाकीमागे लपून उभे. परवानगी मिळाली तरी तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागतो. मग मांजर आलं, हत्ती आला, बदकं आली. दादाच्या जागी आलेली नवी अस्वलही आली, वीस-बावीसची मुलगी आहे. आत आली की आधी केस मोकळे सोडते आणि मोठ्यानं गाणं म्हणते, बेसूर. मला आवडतं.

ससा मात्र फिरकत नव्हता. तुझा निरोप सांगितला तेव्हा त्यानं मान हलवली आणि निघून गेला. आज दुपारी आला. पाऊस लांबलाय, ऊन मी म्हणत होतं. माझ्यासमोरून आत गेला आणि डोकं न काढताच कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. पंजे मांडीवर, मान खाली. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली.

मी धावले. बटणांवरून बोटं घसरत होती. आणि खरं सांगू? त्या घटकेला मला असंच वाटत होतं की आत दादा आहे आणि आपण वेळेवर पोचलोय. "आले रे दादा, आले," असं मी म्हणत होते म्हणे. हत्तीनं नंतर सांगितलं. शेवटचं बटण निघालं, डोकं उचललं. आत ससा होता. घामानं निथळत होता आणि डोळे मिटून रडत होता. म्हणाला, "मला उघडताच आलं नाही गं. माझ्यासमोर होता आणि मला उघडताच आलं नाही."

मी त्याला पाणी दिलं. पदरानं त्याचा चेहरा पुसला, मान पुसली, पंजे काढून हात मोकळे केले. श्वास नीट चालला होता. बरा होता तो. आणि तो बरा आहे हे बघत असतानाच मला कळलं, वहिनी, की दादा आता येणार नाही. दोन वर्षं झाली, पण मला ते आजच कळलं.

तुझी नणंद